चौथी बाजू पाळीची

सन २०२३. मला शहात्तरावं चालू होतं, आधार कार्डाच्या हिशेबानं. त्या साली दिवाळीनंतरची आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, पहिल्यांदा टिनाच्या शेडखाली भरली, आणि मंडईच्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या जागेवर नव्हतो.

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथीतही कापणीच्या दिवसांत शाळेत नसायचोच. त्यामुळे काना-मात्रा इकडचा तिकडं झाला असेल तर वाचणाऱ्यानं तो उचलून जागेवर ठेवावा. पण खळ्याबद्दल मी जे सांगतो ते जागेवरचंच आहे. ते कोणी दुरुस्त करू नये.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. गावाला लागून तलाव, तलावाला मातीची उंच पाळ, आणि पाळीच्या पायथ्याशी गावाचं खळं होतं. धान चुरायची जागा. चुरणं म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंड्या पसरवून त्यावर बैल फिरवायचे, दाणा खाली पडतो, तणस वर राहते. खळं एका माणसाचं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. दसरा झाला की गवत खरडायचं, तलावाचं पाणी शिंपायचं आणि घराघरातून बैलजोड्या आणून ती ओली माती तुडवून घ्यायची. मग बाया शेणानं सारवायच्या. ऊन लागलं की ती जमीन अशी टणक व्हायची की सांडलेला दाणा उडून तुमच्या पायावर यायचा.

खळ्याच्या मधोमध मेढ. येनाच्या लाकडाचा खांब, छातीइतका वर आणि हातभर जमिनीत. बैल तिच्याभोवती फिरायचे. ती मेढ गाडायचा मान आमच्या घराचा. का, ते मला माहीत नाही, माझ्या बापालाही माहीत नव्हतं. गावात आम्हाला मेढकरी म्हणत. बाकीचं वर्ष ती मेढ आमच्या कोठ्यात, बैलांच्या डोक्यावरच्या आडव्या बल्लीवर झोपलेली असायची. दसऱ्यानंतर गावातले चार म्हातारे आमच्या ओसरीवर यायचे, बापाच्या हातात एक सुपारी द्यायचे आणि विचारायचे, "मेढ केव्हा?" बाप दिवस सांगायचा. सुपारी आल्याशिवाय तो खळ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. विचारल्याशिवाय बोलणं हे मेढकऱ्याचं काम नाही, असं तो म्हणे. बापामागून सुपारी माझ्या हातात आली.

हलका, म्हणजे लवकर येणारा धान चुरून झाला की त्याच खळ्यावर मंडई. सगळ्या गावांची मंडई आटोपत आली की आमची. लेकी-जावई यायचे, शेव-चिवड्याची दुकानं लागायची, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या यायच्या, ऊस यायचा. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतली माणसं सुट्टी टाकून यायची, त्यांच्या नखात खाणीचं काळं तसंच असायचं. ही सगळी माणसं कशासाठी यायची? शिंगाडे तर त्यांच्याही गावात मिळत. यायची ती खडी गंमत ऐकायला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खडी गंमतीला ना पडदा ना स्टेज. एक शाहीर, त्याच्यामागं झील धरणारे, ढोलकी, टाळ, आणि लुगडं नेसून घुंगरू बांधलेला नाच्या. सगळं उभ्यानं. माणसं गोल बसतात, म्हणून शाहीरालाही गोल फिरावं लागतं. एका बाजूला पाठ केली की ती बाजू ओरडते. आमच्या खळ्यावर चार बाजू ठरलेल्या होत्या. गाण्याची एक ओळ रस्त्याकडं, एक मारुतीच्या देवळाकडं, एक बांध्यांकडं, म्हणजे धानाच्या शेतांकडं, आणि चौथी पाळीकडं. पाळीवर बाया बसायच्या, उतारावर एकीच्या खाली एक, अशा की एकीचं डोकं दुसरीला आडवं येत नव्हतं. चौथ्या बाजूला कडवं पुरं व्हायचं. आणि पाळ तो शेवटचा शब्द परत द्यायची. जोरात नाही. कोणी पाठीमागून हळूच "हो" म्हणावं तसा. मोठमोठ्या गावचे शाहीर म्हणत, गळा बसला असेल तर या खळ्यावर गा, अर्धं काम पाळ करते.

सुरुवातीचा गण मात्र जागेवरून म्हणायचा, एक हात मेढीला लावून. त्याआधी मेढकऱ्यानं शाहीराच्या हातात नारळ द्यायचा. नारळाशिवाय शाहीरानं तोंड उघडायचं नाही. शाहीर मेढीकडं येतो, मेढकरी शाहीराच्या दारात जात नाही, हाही एक नियम. मी तो आयुष्यभर पाळला.

आता माझ्या शाहीराचं सांगतो. तो कारध्याच्या पलीकडचा, वैनगंगेपारचा. पहिल्यांदा आला तेव्हा दोघांनाही जेमतेम मिसरूड होतं. बापानं त्या साली पहिल्यांदा मेढ मला गाडायला दिली होती. हा आला, पायात चप्पल नाही, गळ्यात लाल रुमाल. मी नारळ पुढं केला, तर यानं नारळ घेण्याआधी मेढीला खांदा लावून ढकलून पाहिलं.

"काय गा, मेढ गाडली का दातून रोवलं? हालून राहिली ना."

सगळं खळं हसलं. बाप कोपऱ्यात बसला होता, तोही हसला. माझ्या कानापर्यंत रक्त आलं.

"मेढ नाही हालत. तुझं डोकं हालते. गाणं येते का नुसता लाकडं ढकलत फिरते?"

"गाणं ऐकून तं तू हालशील," तो म्हणाला, नारळ घेतला, आणि गण सुरू केला.

त्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याच्या गाण्याबद्दल काही लिहिणार नाही, मला ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी चिवड्याच्या दुकानदारानं तराजू खाली ठेवला होता.

गंमत संपल्यावर माझी बायको, तेव्हा ती नवीनच होती, तिनं त्याला आयते वाढले. तांदळाच्या पिठाचे पातळ आयते आणि कोहळ्याची भाजी. तो खात गेला, ती टाकत गेली. शेवटी ती म्हणाली, "पीठ सरलं जी." तेव्हापासून दर मंडईला तो आमच्याच घरी जेवायचा. आणि दर मंडईला नारळ घेण्याआधी मेढीला खांदा लावायचा.

"हालते का गा?"

"तुझं डोकं हालते."

लोकांना हे पाठ झालं होतं. मी बोलायच्या आधी पाळीवरच्या बायाच ओरडायच्या. पण तो माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय नारळाला हात लावायचा नाही.

मग यंत्र आलं. आधी धान चुरायचं यंत्र आलं, नंतर कापून चुरून पोत्यात भरून देणारं मोठं धूड. मी त्याला शिव्या देत नाही. ज्यानं थंडीत दिवसभर बैलांमागं फिरून पाहिलं आहे तो यंत्राला शिव्या देणार नाही. माझ्या पोरानंही बैल विकून ट्रॅक्टर घेतला, मी काही बोललो नाही. पण बैल गेले आणि खळं तुडवायला पाय उरले नाहीत. काही वर्षं आम्ही फक्त मंडईसाठी खळं करत होतो, दाणाही न चुरता. आधी चार घरच्या जोड्या यायच्या, मग एका घरची, मग शेजारच्या गावातून मागून आणलेली. पोरगा म्हणाला, "आबा, ट्रॅक्टर फिरवून देतो, दोन चकरात जमीन दबते." मी नाही म्हणालो. चाक जमीन दाबते, खूर जमीन मळतो. दाबलेली जमीन घुंगराखाली भुगा होते. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं शेजारच्या गावातून जोडी आणून दिली. स्वभावानं तो आईवर गेला.

मग ग्रामपंचायतीला मंच मंजूर झाला. सिमेंटचा ओटा, वर टिनाची शेड. ग्रामसभेत मी होतो. मागं, दाराजवळ. वाचून दाखवलं, की पाळीखालच्या मोकळ्या जागेवर मंच बांधण्यात यावा. मोकळी जागा! मग विचारलं, "कोणाचं काही म्हणणं आहे का? असेल त्यानं हात वर करावा."

मी हात वर केला नाही. मला वाटलं, हे सगळ्यांना विचारणं झालं. मेढकऱ्याला विचारायला ओसरीवर येतील, सुपारी घेऊन. दोन-तीन दिवस मी धुतलेलं धोतर घालून ओसरीवर बसलो. कोणी आलं नाही. ज्या म्हाताऱ्यांना सुपारी माहीत होती ते एकेक करून गेले, शेवटचाही मागच्या मंडईनंतर गेला होता, आणि मीच तेवढा उरलो होतो, हे माझ्या ध्यानात यायला गिट्टीचा ट्रक यावा लागला.

त्यात माझी काय चूक, असं मी अजूनही म्हणतो. विचारायला यायचं असतं.

ओटा झाला, शेड झाली. मागची भिंत पाळीच्या बाजूला. तिच्यावर मोर काढला. शाहीराच्या चार बाजूंतली एक विटांनी बुजली, आणि ती नेमकी पाळीची.

मंडई आठ दिवसांवर आली तेव्हा सरपंच आली. आमच्याच गल्लीतली सून, पलीकडच्या तालुक्यातून आलेली, बारावी शिकलेली, बोलायला गोड. ओसरीच्या खाली चप्पल काढून डोक्यावर पदर घेऊन बसली.

"मामाजी, मंचाचा नारळ तुमच्या हातानं फोडायचा ठरवलं आहे जी आम्ही."

"आणि मेढ कुठी गाडू?"

ती गोंधळली. "आता सिमेंट झालं ना जी. लोखंडाचे खांब आहेत. त्यातल्या एकाले हार घालू, मेढ समजून."

"खांबाले हार घालाचा असन तं चौकात विजेचा खांब आहे. त्याले घाला. तो तं उजेडही देते."

"मामाजी, ग्रामसभेत तुमी होते. सगळ्याइले विचारलं, हात वर करा म्हणलं."

"मेढकऱ्याचा हात वर होत नसते, पोरी. त्याच्या हातात सुपारी येत असते."

"कोणती सुपारी जी?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा मी नीट सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मी त्या टिनाखाली पाय टाकणार नाही. जा."

ती गेल्यावर बायको कप उचलायला आली. "चहा तरी पिऊ द्याचा होता बिचारीले."

"पिली ना."

"तुमचं तोंड पाहून अर्धा टाकला."

दोन दिवसांनी शाहीराचा फोन आला. मी आवाज ओळखला नाही. वाळलेल्या तणसात कोणी चालावं तसा.

"अबे मी बोलून राहिलो. गळ्याचं काही निघालं. भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणते, बोला पण गाऊ नका. म्या म्हणलं, साहेब, मले गाताच येते, बोलता कुठी येते?"

तो हसला आणि खोकला, बराच वेळ. मग म्हणाला, "पार्टी आता पोराची आहे. मंडईचं आमंत्रण आलं तुमच्या गावचं. बाकी सगळं तो पाहून घेईन. पण गण मी म्हणीन. एकच. मेढीले हात लावून. मग गळा पेटीत ठेवून देतो. मेढ मजबूत गाडजो बरं. बुडा झाला आहेस, हालन."

मेढ गाडायला जागा नाही, हे त्याला तेव्हा सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मेढकरी आता मेढकरी राहिला नाही असं माझ्याच तोंडानं म्हणायचं. मी म्हणालो, "तू ये तं खरा."

मंडईच्या दिवशी बायको पहाटेच उठून पीठ भिजवायला बसली. मी विचारलं, "आयते कायले?" ती म्हणाली, "भाऊजी जेवतील ना. रुसले तुमी, ते थोडीच रुसले." तिनं नवं लुगडं नेसलं आणि मंचाकडं गेली. मी दुपट्टा खांद्यावर टाकला. दुपट्ट्यात नारळ बांधला. कायले बांधला, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. आणि गावाला वळसा घालून पाळीवर जाऊन मोहाच्या झाडाखाली बसलो.

पाळीवरून काय दिसायचं? मंचाची पाठ. टिन. आणि तो मोर. भोंगे रस्त्याकडं तोंड करून लावलेले. बाया आता समोर खुर्च्यांवर बसल्या होत्या. पाळीवर बकऱ्या होत्या, मी होतो, आणि दोन म्हाताऱ्या, ज्यांना खुर्चीत पाय लोंबतात म्हणून बसवत नाही. त्यातली एक दात नसलेलं तोंड उघडून म्हणाली, "का जी भाऊजी, नवरदेव रुसला का? मंडपाच्या भायेर बसला तो?"

"ऊन घेऊन राहिलो."

"ऊन तं तिकडंही आहे. आणि खुर्ची फुकट आहे."

टेम्पो आला. पार्टी उतरली. शेवटी तो उतरला, पोराच्या खांद्याला धरून. पांढरा फेटा, काळा कोट. कोट त्याचाच, पण आत माणूस कमी झाला होता. तो ओट्याकडं गेला, आणि मग टिनाखाली गेल्यामुळं दिसेनासा झाला. मला दिसलं नाही, पण तो मधोमध उभा राहून खाली सिमेंटकडं पाहत असणार, हे मला पाळीवर बसून कळत होतं.

भोंगा बोलू लागला. "गावचे मानकरी, आपले मेढकरी आजोबा, जिथं कुठं असतील तिथून त्यांनी तात्काळ मंचावर यावं." तात्काळ म्हणे. जशी मोटार रस्त्यात उभी करून गेलो होतो.

मी उठलो नाही. पुन्हा पुकारलं. दोन्ही म्हाताऱ्या माझ्याकडं पाहू लागल्या. पहिली आता हसत नव्हती. "अजी, जा ना. वाट पाहून राहिला तो."

मी म्हणालो, "त्यानं यावं. शाहीर मेढीकडं येते."

"मेढ कुठी आहे पण?"

मी दुपट्ट्यातला नारळ मांडीवर ओढून घेतला.

तिसऱ्यांदा पुकारलं, मग भोंगा गप्प झाला. मग ढोलकी वाजली आणि त्याचा आवाज आला. नारळाशिवाय. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या जागेवर नारळाशिवाय गायला. नंतर बायकोनं सांगितलं की त्यानं एक हात लोखंडी खांबाला लावला होता, आणि आधी खांदा लावून पाहिलं नव्हतं.

आणि गण जागेवरून म्हणायचा असतो, पण तो फिरला. एक ओळ रस्त्याकडं. एक देवळाकडं. एक बांध्यांकडं. आवाज भोंग्यातून येत होता तरी मला सवयीनं दिशा कळत होत्या. मग आवाज थांबला. ढोलकी चालूच. लोकांना वाटलं गळ्यानं दगा दिला. मलाही तेच वाटलं, आणि माझा हात दुपट्ट्याच्या गाठीवर गेला.

तेवढ्यात तो मंचाच्या बाजूनं, भिंतीला हात लावत लावत, मागं आला. भिंत आणि पाळ यांच्यामध्ये दोन बैल उभे राहतील एवढीच जागा. तिथं पाळीतून पाणी पाझरते, म्हणून चिखल. त्या चिखलात पांढरं धोतर उचलून तो उभा राहिला. मान वर केली. मी त्याला दिसलो. तो मला दिसला.

त्यानं चौथी ओळ पाळीकडं तोंड करून म्हटली. भोंगा नाही, काही नाही. आवाज कसला, नुसता वारा होता. पण पाळीनं तो घेतला आणि शेवटचा शब्द परत दिला. दोन्ही म्हाताऱ्यांनी ऐकला. त्यांनी हात जोडले.

मग त्यानं हवेलाच खांदा लावला, जशी तिथं मेढ आहे, आणि ढकलल्यासारखं केलं.

"हालते का गा?"

माझं उत्तर तयार होतं. ते कधी शोधावं लागलंच नव्हतं. तोंडापर्यंत आलं, आणि मी तोंड मिटलं. मी मान फिरवून तलावाकडं पाहिलं. तलावात शिंगाड्याचे वेल होते. तेवढेच पाहत राहिलो.

म्हातारी ओरडली, "अजी, बोला ना!" दुसरी म्हणाली, "तुझं डोकं हालते, म्हणा ना!" तिनं म्हटलंही माझ्याऐवजी, पण तिच्या म्हणण्याचा काय उपयोग. तो माझ्याच तोंडून ऐकायचा.

पुन्हा वळून पाहिलं तर चिखलात पावलं होती, तो नव्हता.

मी उतरायला लागलो. पाळीचा उतार आता माझ्या गुडघ्यांना ओळखत नाही. बसून, घसरून, एका हातानं दुपट्टा सांभाळत खाली आलो. मंचाला वळसा घालून पुढं पोचलो तेव्हा नाच्या नाचत होता, लोक शिट्ट्या मारत होते, आणि टेम्पोच्या जागेवर एक कुत्रं बसलं होतं. पोराची पार्टी गात राहणार होती. म्हाताऱ्याला मात्र थंडी वाजत होती, म्हणून टेम्पोवाला त्याला सोडायला निघून गेला होता.

बायको रस्त्यावर उभी होती. हातात डबा.

"जेवले?"

"कुठी जेवतात. दम लागला होता. बांधून देत होती तं म्हणे, वहिनी, डबा नोको. बुड्यासंगं बसून खाईन कधीतरी." मग ती म्हणाली, "आणि म्हणे, मेढीले वाळवी तं नाही लागली ना, पाहजा."

ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी आम्ही दोघांनी थंड आयते खाल्ले. तिनं माझ्या ताटात वाढले, मी खाल्ले, ती म्हणाली, "अजून आहेत." पीठ सरलं नव्हतं.

मी मंचाला शाप देत नाही. पुढं त्या ओट्यावर लग्नंही लागतील, पोरांच्या कवायती होतील, पावसात माणसं उभी राहतील. सरपंच पोरगी अजूनही मला पाहून पदर घेते. पण मला विचारलं तर मी सांगीन, ते खळं यंत्रानं नेलं नाही आणि सिमेंटनंही नेलं नाही. खळं म्हणजे एक माणूस विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, एवढंच होतं. भिंत बांधल्यावरही विचारणारा चिखलातून मागं आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठ्यात गेलो, ट्रॅक्टरवर चढलो आणि बल्लीवरून मेढ खाली घेतली. तळहातानं सगळीकडून चाचपली. वाळवी नव्हती. दोन्ही टोकांना सुंभ बांधला. पोरगा म्हणाला, "आबा, मी सोडून देतो ना ट्रॅक्टरनं." मी म्हणालो, "एसटीनं जातो. मेढकरी कोणाच्या दारात जात नसते, त्यामुळं तिकडचा रस्ता मले माहीत नाही. ड्रायव्हरले तरी माहीत असन." बायकोनं डबा दिला. रात्रीचे नव्हते, ताजे होते. ती कधी उठली मला कळलं नाही.

भंडाऱ्याची गाडी आली. मेढ आत चढवायला दोघं-तिघं धावले.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोणाच्या मयतीचं लाकूड नेऊन राहिले काय?"

"जित्या माणसाचं आहे."

"कार्ड दाखवा. शहात्तर? तुमाले फुकट. पण या लाकडाले तिकीट लागन."

"फाड," मी म्हणालो. "त्याचं वय माह्यापेक्षा जास्त आहे, पण त्याच्याजवळ कार्ड नाही."

गाडीतले हसले. गाडी निघाली. मेढ सीटांच्या मधल्या वाटेत आडवी, मांडीवर डबा, डब्यावर कालचाच नारळ. मंचासमोरच्या वळणावर गाडी कलली तशी मेढ गडगडत एका बाईच्या पायाला लागली.

"अजी बाबा, तुमचं लाकूड हालून राहिलं ना!"

"हो बाई, हालते," मी म्हणालो, आणि मेढीवर पाय ठेवून बसलो.